लिनक्स मिंट २२ : विंडोज १० वर अडकलेल्या संगणकाला कितपत पेलते?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे कंपन्यांतून निघालेले जे थिंकपॅड टी४७० किंवा लॅटिट्यूड ७४८० लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात विकायला असतात, सहाव्या-सातव्या पिढीचे आय-५ असलेले, ते नेमके एका पायरीने मागे राहिले. यंत्र ठणठणीत, कीबोर्ड आजच्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा चांगला, फक्त सॉफ्टवेअर संपले. अशा यंत्रावर काय टाकावे, याला आमचे पहिले उत्तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी बसणारी मोफत संगणकप्रणाली. दुसरे उत्तर म्हणजे एक उलटा प्रश्न : तुमचा प्रिंटर कोणता, आणि विंडोजशिवाय अडेल असा तुमचा एखादा प्रोग्राम आहे का? मिंट जिथे फसते तिथे बहुतेक वेळा ते या दोन गोष्टींवरच फसते. त्यामुळे या परीक्षणात दिसण्या-सजण्यापेक्षा त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

ज्यांना हा सगळा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडे मागचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, आतला कोड वाचावा, बदलावा आणि पुढे वाटावा अशी संगणकप्रणाली बनवणे हा त्यामागचा हेतू. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्याशी थेट बोलणारा भाग. गाभा आणि बाकीचे शेकडो प्रोग्राम एकत्र बांधून देतात त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ ची, तिच्यावर उभी राहिलेली उबुंटू २००४ ची, आणि उबुंटूवर बेतलेली मिंट २००६ ची. क्लेमाँ लफेव्र यांनी ती सुरू केली. मिंटचा गट लहान आहे आणि देणग्या व प्रायोजकांवर चालतो. परवान्याचा क्रमांक नाही, खाते उघडण्याची सक्ती नाही, कितीही संगणकांवर टाका.

२२ ही मालिका जुलै २०२४ मध्ये आली, उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. २२.१, २२.२ अशा छोट्या आवृत्त्या अपडेट मॅनेजरमधूनच चढवता येतात, त्यासाठी पुन्हा फॉरमॅट मारावा लागत नाही.

कोणती आवृत्ती, किती रॅम

मिंट तीन रूपांत, म्हणजे तीन वेगळ्या डेस्कटॉपांसह मिळते : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. अधिकृत गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्कची आहे, पण तिचा अर्थ 'पडदा उघडतो' एवढाच घ्या. चालू केल्यावर, एकही प्रोग्राम न उघडता, सिनॅमन साधारण सव्वा जीबी रॅम घेते आणि एक्सएफसीई पाऊण ते एक जीबी. फरक फार मोठा नाही. खरी भूक ब्राउझरची असते. ४ जीबीच्या यंत्रावर दहा टॅब उघडल्यावर सिनॅमन असो की एक्सएफसीई, दोन्ही रडतात. आमची वाटणी सरळ आहे : ८ जीबी असेल तर डोळे मिटून सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. २ जीबीच्या यंत्रावर एका वेळी एक काम करायची तयारी असेल तरच हात घाला. माटे वाईट नाही, पण नव्या माणसाने तिच्याकडेच जावे असे कारण आम्हाला सापडत नाही.

रॅमच्या आधी डिस्क बघा. जुना फिरत्या तबकडीचा हार्ड डिस्क ठेवून मिंट टाकली तर पंधरा दिवसांत 'लिनक्सपण स्लोच आहे' हे ऐकू येते. २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीचा, जवळजवळ प्रत्येक जुन्या लॅपटॉपमध्ये बसतो आणि वेग जाणवण्याइतका फरक पाडतो. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर रॅमऐवजी यावर करा.

मिंट २२ फक्त ६४-बिट प्रोसेसरवर चालते. कोअर २ ड्युओ ६४-बिट आहे, त्यामुळे एक्सएफसीई त्यावर चालते, अर्थात यूट्यूब ७२० च्या वर नेऊ नका. त्याआधीच्या ३२-बिट यंत्रांसाठी थेट डेबियनवर बेतलेली मिंट, एलएमडीई ६, होती. एलएमडीई ७ मध्ये ३२-बिट आवृत्ती नाही.

टाकण्याआधी

आयएसओ, म्हणजे मिंट टाकायची सगळी सामग्री असलेली फाइल, जवळपास ३ जीबीची आहे. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, तपासणे हा शिस्तीचा देखावा नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला झाला होता आणि १७.३ सिनॅमनच्या जागी हल्लेखोराला गुपचूप शिरता यावे म्हणून मागचे दार ठेवलेली आयएसओ काही काळ लोकांच्या हाती जात होती. विंडोजवर पॉवरशेलमध्ये किंवा सर्टयुटिल या आज्ञेने हा आकडा काढता येतो. तो मिंटच्या पानावर दिलेल्या आकड्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. अर्धवट उतरलेली फाइलही याच टप्प्यावर पकडली जाते, आणि व्यवहारात तोच प्रकार जास्त दिसतो.

पेन ड्राइव्हवर फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचरने ती 'लिहावी' लागते. रुफसने आयएसओ पद्धतीत लिहून बूट होत नसेल तर डीडी पद्धत निवडून पुन्हा लिहा. लिहून झाल्यावर विंडोज विचारते की हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का. नाही म्हणा.

संगणक कोणत्या ड्राइव्हवरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या बूट मेन्यूची कळ डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ१२ आहे, पण बऱ्याच मॉडेलांत ती बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते, आधी चालू करावी लागते. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय, बंद करण्याची सहसा गरज नाही. पडदा काळा राहिला किंवा लोगोवर अडकला तर, विशेषतः एनव्हिडिया कार्ड असेल तेव्हा, पहिल्या यादीतला कम्पॅटिबिलिटी मोड निवडा.

मिंट आता पेन ड्राइव्हवरूनच चालू होते आणि डिस्कला हात लागलेला नसतो. इथे अर्धा तास द्या. लोक हाच अर्धा तास वाचवतात आणि मग आठवडाभर मंच धुंडाळत बसतात. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे सगळे तपासा. प्रिंटर जोडून एक पान छापा. 'डिस्क्स' हे साधन उघडून स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती बघा. रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागांचा, आकडा शून्याच्या बराच वर असेल तर त्या डिस्कवर कोणतीही प्रणाली टाकण्यात अर्थ नाही.

वाय-फाय दिसत नसेल तर घाबरून सोडू नका. ब्रॉडकॉमच्या आणि काही रिअलटेकच्या चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन केबलने जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, तो लॅन केबलसारखा लगेच चालतो. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या.

टाकताना कुठे घोटाळा होतो

सर्वांत महाग पडणारी चूक एकच. आपल्याकडे 'सी ड्राइव्ह फॉरमॅट मारा, डी मधले फोटो राहतात' ही सवय पक्की आहे. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' याचा अर्थ पूर्ण डिस्क, म्हणजे सी, डी, ई सगळे. फोटो, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळे आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

विंडोजही ठेवायचे असेल तर काही कामे विंडोजमध्येच उरकून घ्यावी लागतात. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बूटची मांडणी बदलल्यावर विंडोज तीच मागत बसते. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धे झोपते, आणि मिंटला विंडोजचे पार्टिशन फक्त वाचण्यापुरते उघडते. 'फाइल सेव्ह होत नाही' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी किंवा डी आकसून निदान ५० जीबी मोकळी जागा काढा. विभाजन विंडोजच्याच साधनाने केलेले बरे.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत 'इंटेल आरएसटी' किंवा 'रेड' वर असणार. ती एएचसीआय करावी लागते. पण विंडोज ठेवायचे असेल तर नुसती बदलून पुढे जाऊ नका. विंडोजला आधी सेफ मोडमध्ये एकदा सुरू व्हायला सांगायचे, त्या बूटच्या आधी बायोसमध्ये बदल करायचा, मग सेफ मोड काढायचा. नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते.

इन्स्टॉलरमधली मल्टिमीडिया कोडेकची, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या भागांची, चौकट टिक करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड मागतो. तो लॉगिनचा नव्हे, एकदाच लागणारा आहे. पुन्हा चालू होताना निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडून, कंटिन्यू, येस आणि तोच पासवर्ड असे जायचे. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो हुकला की एनव्हिडिया किंवा वाय-फायचा ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही, आणि कारण कुठेच लिहून येत नाही.

दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रावर विंडोजचे घड्याळ कधी कधी बरोबर साडेपाच तास मागे पडते. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने मिंटला ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की भांडण मिटते.

पहिल्या तासात

स्वागताच्या खिडकीतली 'फर्स्ट स्टेप्स' ही यादी खरोखर उपयोगी आहे, वरपासून खालपर्यंत करा. आधी अपडेट, मग ड्रायव्हर मॅनेजर. फायरवॉल सुरुवातीला बंद असते, एक बटण दाबून चालू करा. घरगुती वापराला अँटिव्हायरसची गरज पडत नाही. इंटरनेटवरून उचललेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये चिकटवणे हा मोठा धोका.

प्रणालीच्या प्रती काढून ठेवणारे टाइमशिफ्ट हे मिंटचे आमच्या मते सर्वांत मोलाचे साधन. एखादे अपडेट अंगावर आले तर प्रणाली कालच्या अवस्थेत नेता येते, अगदी पेन ड्राइव्हवरून बूट करूनही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ते ठरवून तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो. दोन, पहिली प्रत ८-१० जीबी किंवा जास्त जागा खाते. ५० जीबीच्या पार्टिशनवर रोजच्या पाच आणि आठवड्याच्या तीन प्रती ठेवल्या की डिस्क भरते आणि मग लॉगिनचा पडदा पासवर्ड घेऊन पुन्हा लॉगिनवरच येतो. पासवर्ड बरोबर असूनही असे झाले तर आधी डिस्क भरली आहे का ते बघा. रोजच्या दोन आणि आठवड्याची एक, एवढ्या प्रती पुरतात.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्राम कधी सिस्टिम पॅकेज (मिंटच्या भांडारातले) आणि कधी फ्लॅटपॅक (लागणारा आधार सोबत आणणारे) असा दोन रूपांत दिसतो. फ्लॅटपॅक बहुधा नवी आवृत्ती देते, पण पहिल्या वेळी सोबतचा आधार उतरवताना एक जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर असाल तर सिस्टिम पॅकेज निवडा. उबुंटूचे स्नॅप हे असेच तिसरे रूप मिंटने २०२० पासून बंदच ठेवले आहे आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपात दिला आहे. जुन्या यंत्रावर फायरफॉक्स उघडायला लागणारा वेळ पाहता हा निर्णय आम्हाला पटतो.

मराठी : चांगले, पण हाताने जुळवावे लागते

देवनागरी वाचायला काही करावे लागत नाही, नोटोचा फॉन्ट आधीच असतो. टंकलेखनाचे दोन मार्ग आहेत. इन्स्क्रिप्ट येत असेल तर सोपा मार्ग : सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट्स, आणि अधिकच्या चिन्हावरून मराठीचा इन्स्क्रिप्ट आराखडा जोडा. त्यासाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही. भाषा बदलायची कळ पर्यायांमध्ये ठरवता येते. ऱ्य, ऱ्ह हे जोड लिहिताना र ऐवजी शिफ्ट-जे वरचा ऱ घ्या, मग हलन्त, मग य. साधा र घेतला की 'दऱ्या' चे 'दर्या' होते आणि दोष फॉन्टला दिला जातो.

रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस हे भाषा-टंकलेखनाचे साधन लागते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आयबस-एम१७एन शोधून घ्या, इनपुट मेथड या साधनात आयबस निवडा, आणि लॉगआउट करून परत या. हा लॉगआउट लोक विसरतात आणि काहीच झाले नाही म्हणतात. मग आयबसच्या प्राधान्यक्रमांत मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक, इन्स्क्रिप्ट असे पर्याय दिसतात. सिनॅमनचे वेलँड सत्र, म्हणजे पडदा रंगवण्याची नवी पद्धत, अजून प्रायोगिक आहे. मराठी टंकलेखन महत्त्वाचे असेल तर लॉगिनच्या पडद्यावर मूळचे सत्रच ठेवा.

लिबरऑफिस या वर्ड-एक्सेलच्या मुक्त पर्यायात एक सेटिंग आवर्जून करा. भाषांच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथली भाषा मराठी ठेवा. त्यामुळे लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदीचे नाही. वर्डमधून आलेल्या फाइलींत मंगल, कोकिळा, अपराजिता हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट असतात. ते मिंटमध्ये नाहीत, त्यामुळे दुसरा फॉन्ट बसतो, ओळींची लांबी बदलते आणि दोन पानी अर्ज तिसऱ्या पानावर सरकतो. इंग्रजीत हा त्रास कमी आहे, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो मिळतो. मराठीसाठी मुक्ता किंवा नोटो यांसारखा मुक्त फॉन्ट दोन्हीकडे ठेवा, आणि बाहेर पाठवताना पीडीएफ पाठवा. नवा फॉन्ट डबल-क्लिक करून बसवता येतो.

श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइली हा वेगळा विषय. त्या युनिकोड नाहीत, मिंटवर उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. विंडोज चालू आहे तोवरच परिवर्तकाने त्या युनिकोडमध्ये आणून ठेवा. अंकाची मांडणी श्रीलिपीवर करणाऱ्या छपाईखान्याने ते एक यंत्र विंडोजवरच राहू द्यावे.

मेन्यूंचे मराठी भाषांतर अर्धेमुर्धे आहे. एका खिडकीत दोन भाषा दिसतात. पूर्ण मराठी पडदा हवा म्हणून मिंटकडे येणारा निराश होईल. मेन्यू इंग्रजीत ठेवून लिखाण मराठीत करणे हेच सध्या सुखाचे.

प्रिंटर

नेटवर्कवर चालणारा, एअरप्रिंट लिहिलेला कोणताही अलीकडचा प्रिंटर मिंटला आपोआप दिसतो, ड्रायव्हर लागत नाही, आणि बहुतेकांचा स्कॅनरही चालतो. एप्सनच्या इंकटँक मालिकेसाठी ईएससीपीआर ड्रायव्हर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच आहे. ब्रदर स्वतःच्या संकेतस्थळावर पॅकेज देते.

अडचण येते ती आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि छोट्या कार्यालयांत वर्षानुवर्षे टिकून असलेल्या दोन लेझर प्रिंटरांशी. एचपी लेझरजेट १०२० ला स्वतःची कायमची स्मृती नाही. चालू केल्यावर दर वेळी संगणकाने त्यात फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम, ओतावे लागते. मिंटमध्ये एचपीएलआयपी हा एचपीच्या प्रिंटरांचा ड्रायव्हर-संच असतो, पण हे फर्मवेअर मुक्त नसल्याने वेगळे प्लगइन उतरवावे लागते. एचपीएलआयपीचे अपडेट आले की प्लगइनही त्याच आवृत्तीचे पुन्हा घ्यावे लागते. प्रिंटर यादीत दिसतो, काम रांगेत जाते, कागद मात्र येत नाही, असे झाले तर कारण हेच. एकदा जुळले की तो वर्षभर बिनतक्रार चालतो.

कॅनन एलबीपी २९०० बद्दल आमचे मत कडक आहे. तो कॅप्ट ही कॅननची स्वतःची भाषा बोलतो. लिनक्ससाठी कॅननने ड्रायव्हर दिला आहे, पण तो हाताने बसवायचा, त्याची वेगळी पार्श्वसेवा नोंदवून चालू ठेवायची, आणि प्रिंटर कोणत्या जोडणीवर आहे ते तिला सांगायचे. ज्याला टर्मिनलची भीती नाही त्याला जमते. दिवसाला दोनशे पाने काढणाऱ्या दुकानदाराने या भानगडीत पडू नये. प्रिंटर बदला किंवा विंडोज ठेवा.

कोणी मिंटकडे येऊ नये

टॅलीप्राइम विंडोजवरच चालते. वाइन या साधनातून काही विंडोज प्रोग्राम उघडतात, पण हिशेबाचा मुख्य डेटा वाइनच्या भरवशावर ठेवू नका. जीएसटीचे ऑफलाइन टूल विंडोजसाठी आहे. प्राप्तिकराच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर चालतात आणि त्या लिबरऑफिसमध्ये चालत नाहीत. पगारदार माणसाचे विवरणपत्र मात्र पोर्टलवर ब्राउझरमधूनच भरता येते, त्याला यातले काही लागत नाही. डिजिटल सहीच्या टोकनाला लिनक्सचा ड्रायव्हर अनेकदा मिळतो, पण पोर्टलवर सही उमटवणारा छोटा प्रोग्राम विंडोज गृहीत धरून बनवलेला असतो. सीए, निविदा भरणारे कंत्राटदार, बोटांचे ठसे घेणारी सेवा केंद्रे यांनी एक विंडोज यंत्र राखावे. ऑटोकॅड आणि फोटोशॉप नाहीतच. ८ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स या संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामात विंडोज ठेवता येते, परवाना अर्थातच लागतो.

व्हॉट्सॲपचा अधिकृत लिनक्स प्रोग्राम नाही. 'वेब ॲप्स' या मिंटच्या साधनाने त्याची वेगळी खिडकी करून मेन्यूत ठेवता येते, एवढ्यावर घरच्या मंडळींचे समाधान होते. झूमचे पॅकेज मिळते, गुगल मीट ब्राउझरमध्ये चालते. फोनमधले फोटो केबलने घेता येतात.

दुसरे पर्याय

उबुंटू २४.०४ चा पाया तोच, पण मांडणी विंडोजहून वेगळी आहे आणि जुन्या यंत्रावर तिचे वजन जाणवते. फेडोरा नव्या लॅपटॉपला उत्तम. मात्र दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, हे वडिलांच्या संगणकाला नको. डेबियन १३ फार स्थिर आहे, पण पहिल्या तासात मिंटइतका हात धरत नाही. सी-डॅकची बॉस ही डेबियनवर बेतलेली भारतीय प्रणाली आहे आणि भारतीय भाषांवर तिचा भर आहे. अडचण शोधायला बसल्यावर मिळणारी उत्तरे मात्र मिंट-उबुंटूसाठी कितीतरी जास्त आहेत. केरळच्या शाळांत काइट ही संस्था उबुंटूवर आधारलेली प्रणाली वापरते, तेव्हा मुलांना जमेल का, ही शंका काढून टाका.

एनव्हिडियाचे जुने कार्ड असलेल्यांनी एक तपासून घ्यावे. जीटी ७१० च्या केप्लर पिढीला ४७० क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो. त्याही आधीच्या फर्मी पिढीचा ३९० ड्रायव्हर २२ मध्ये नाही. तिथे मुक्त नूव्हो ड्रायव्हरवर भागवावे लागते. लिखाणाला आणि व्हिडिओला तो पुरतो, खेळांना नाही.

२१ वर असलेल्यांना २२ वर जायला मिंटअपग्रेड हे साधन आहे. आधी टाइमशिफ्टची प्रत काढा, बाहेरून जोडलेले पीपीए, म्हणजे सॉफ्टवेअरची जादा भांडारे, बंद करा, डिस्कवर १५-२० जीबी मोकळी ठेवा आणि लॅपटॉप चार्जरला लावा. काम तासाभराचे आहे, आणि मध्येच वीज गेली तर डेस्कटॉप संगणकाला यूपीएस नसल्याची किंमत तेव्हा कळते. नव्याने टाकणाऱ्याने थेट मालिकेतली शेवटची छोटी आवृत्ती उतरवावी, म्हणजे नंतरचा शेकडो एमबीचा अपडेट वाचतो.